सही नसलेलं कुलूप

तुम्ही येणार ही बातमी मी आणि आजोबांनी एकेक अक्षर जुळवून वाचली. हे मी अलंकार म्हणून लिहीत नाही, खरोखरच एकेक अक्षर. ज्यांच्यामुळे ती आमच्यापर्यंत पोचली त्यांची नावं मला तेव्हा ठाऊक नव्हती आणि आजही नाहीत. तुमची आई म्हणते, आता मुलांना सांगायला हरकत नाही. म्हणून पहिल्यापासून सांगते.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी बारामतीच्या कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले होते. आजोबा कळंबजवळच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, म्हणजे यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढायचे. तेही आता घरीच होते. तुमची आई लग्न होऊन कॅनडात गेलेली. फोन महाग, आणि पत्र पोचेपर्यंत त्यातली सर्दी बरी होऊन गेलेली असायची. अशात आमच्या गल्लीत कॉम्प्युटर क्लास निघाला आणि त्याच्याबरोबर ई-मेल आली.

क्लास चालवणारा माझा जुना विद्यार्थी, शेजारच्या वहिनींचा थोरला मुलगा. तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप. त्यांचं मूळ गाव शेळगाव. त्याच्या आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, नंतर शेती आली, आणि आता माडीवर चार संगणक. त्या क्लासचा ई-मेलचा पत्ता एकच. गल्लीतल्या ज्या कुणाचं पोर परदेशात असेल त्याची मेल तिथंच यायची. त्याची पद्धत ठरलेली होती. पुण्याची लाइन लागली की मेल उतरवायची, भोकं असलेल्या लांबलचक कागदावर छापायची आणि जागा अडू नये म्हणून लगेच पुसून टाकायची. मग कागद फाडून तो स्वतः घरोघर नेऊन द्यायचा. वाटेत वाचायचा अर्थातच. तुमची आई इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायची, त्यामुळे वाचायला काहीच अडचण नव्हती. दारातूनच तो सांगायचा, "मॅडम, ताईकडं बर्फ पडलाय, बाकी सगळं बेस." यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. गावाकडे पोस्टमन कार्ड वाचूनच दाखवायचा. कागद देणाऱ्याला मजकूर माहीत असणं हे आम्हाला सेवेतच धरलेलं वाटे.

मग एकदा तुमच्या आईने लिहिलं की तिला दिवस गेलेत. तो कागद माझ्या हातात पडायच्या आधी वहिनी साखर घेऊन आल्या होत्या. संध्याकाळी बुद्धविहारात गेले तर तिथल्या बायका डोहाळजेवण इथं की तिथं, यावर बोलत होत्या. मलाही आनंदच झाला, खोटं कशाला सांगू.

पुढची मेल काही आठवड्यांनी आली. ते मूल राहिलं नव्हतं. तीही सगळ्यांनी आधी वाचली. मी चष्मा शोधत होते तेवढ्यात वहिनी डोळे पुसत घरात शिरल्या, त्यांच्यामागून आणखी दोघीजणी. रविवारी तुमच्या आईचा फोन आला तेव्हा वहिनींनी रिसीव्हर मागून घेतला आणि तिचं सांत्वन केलं. मनापासून केलं. अमक्या डॉक्टरला दाखव, तमकं खाऊ नको, माझ्या बहिणीचंही असंच झालं होतं. पलीकडून तुमची आई नुसतं "हो काकू, हो काकू" म्हणत राहिली.

त्यानंतर तिच्या मेलमध्ये फक्त हवामान येऊ लागलं. मग भाज्यांचे भाव. मग तेही थांबलं. फोनवर विचारलं की "बरी आहे" म्हणायची. मला कळत होतं की पुढच्या वेळी ती मला सांगणार नाही. चांगलं सांगणार नाही आणि वाईटही सांगणार नाही. इतक्या लांब, परक्या गावात, तिनं ते एकटीनं काढायचं आणि मी इथं हवामान विचारत बसायचं. मला त्याची फार भीती वाटायची.

असे बरेच महिने गेल्यावर एक ओळखीचे गृहस्थ कॅनडातून पुण्याला आले. त्यांच्याबरोबर तुमच्या वडिलांनी एक फ्लॉपी पाठवली होती. संगणकात घालायची काळी, चौकोनी चकती, तळहातावर मावेल एवढी. तिच्यात कुलपाचा प्रोग्राम होता. सोबत तुमच्या आईची चिठ्ठी: "आई, यापुढे मनातलं लिहीन ते याच्यातूनच. जमलं नाही तर राहू दे."

शेवटचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. जमलं नाही तर राहू दे.

घरात संगणक होता. क्लासमधून बाद झालेला एक आजोबांनी ड्रॉइंगच्या हौसेपायी घेतला होता. मी फ्लॉपी घातली आणि तिच्यातली माहिती पहिल्या ओळीपासून वाचायला बसले. ती इंग्रजीत होती आणि मी सांगते, फार चांगल्या इंग्रजीत होती. साधी, नेमकी वाक्यं. माझ्यासारख्या अडाण्याला समजावं म्हणून कुणीतरी जिवापाड मेहनत घेतलेली. त्यात लिहिलं होतं की या कुलपाला दोन किल्ल्या असतात. एक लावायची, एक उघडायची. लावायची किल्ली वाटेल त्याला द्या, चावडीवर टांगा, काही बिघडत नाही. तिनं कुलूप फक्त लागतं. उघडायची किल्ली मात्र तुमच्यापाशीच राहते.

मी वाचता वाचता थांबले. मनाशी तपासून पाहिलं. ज्याने कुलूप लावलं त्यालाही ते परत उघडता येत नाही. तुमच्या आईने पत्र लिहून माझ्या किल्लीने बंद केलं की तिलाही ते वाचता येणार नाही. जगात फक्त मला. साठीच्या घरात आल्यावर असं काही कळलं की माणूस खिडकीबाहेर बघत बसतो. मीही बसले. समोर वहिनी गहू वाळत घालत होत्या.

वाचून संपलं तेव्हा मी नावं शोधली. पुस्तक वाचल्यावर लेखकाचं नाव पाहायची माझी सवय. नाव नव्हतं. कुठल्या कंपनीचं नाही, विद्यापीठाचं नाही, माणसाचं तर नाहीच. हे फुकट आहे, वापरा, इतरांना द्या, चूक सापडली तर या पत्त्यावर कळवा, एवढंच. तुमच्या वडिलांना फोनवर विचारलं तर ते म्हणाले, कुणालाच माहीत नाही. दोघं असतील, दहा असतील. काही देशांत असं कुलूप सीमेबाहेर पाठवणं म्हणजे हत्यार पाठवल्यासारखं धरतात, म्हणून ते नाव सांगत नसावेत. वापरणारे मात्र जगभर आहेत. वार्ताहर, वकील, डॉक्टर, सगळे.

आजोबांना हे मुळीच पटलं नाही. ते कळसचे, घरात कायम गावच्याच बोलीत बोलायचे. म्हणाले, "ज्या ड्रॉइंगवर सही न्हाय, ते मी कधी मशिनीवर जाऊ दिलं न्हाय. काढलं कुणी, तपासलं कुणी, मंजूर कुणी केलं, तीन सह्या लागत्यात. ह्याच्यावर एक न्हाय."

मलाही ते खटकत होतं, पण वेगळ्या कारणाने. आपल्याकडे नावाचं काय असतं ते तुम्ही इथं आलात की पाहा. विहारातल्या पंख्याच्या प्रत्येक पात्यावर देणाऱ्याचं नाव रंगवलेलं आहे, पंखा फिरायला लागला की वाचता येत नाही तरीही. घरातल्या स्टीलच्या डब्यावर, तांब्यावर, झाऱ्यावर नाव कोरलेलं. हसू नका त्याला. माझ्या वडिलांना शाळेत त्यांच्या नावाने कुणी हाक मारत नसे, जातीनेच मारत. छप्पन साली धम्म घेतल्यावर त्यांनी पहिलं काय केलं, तर दारावर स्वतःचं पूर्ण नाव लिहून घेतलं. नाव ही आम्हाला कुणी वाढलेली गोष्ट नव्हती, आम्ही ती मिळवली. आणि इथं ही माणसं, एवढं मोठं काम करून, नाव खाली ठेवून निघून गेली होती. मला ते कळेना. न कळण्यातच मी बरेच दिवस त्यांचा विचार करत राहिले.

आजोबांचं मत बदललं ते त्या फ्लॉपीवरच्या आणखी एका गोष्टीने. प्रोग्राम कसा बनवला, त्याची प्रत्येक ओळ त्यांनी सोबत दिली होती. आजोबांना त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण ते पडद्यावर बराच वेळ खालपर्यंत बघत गेले. मग म्हणाले, "सही कशाला लागती? चूक निघाली तर धरायचं कुणाला ते कळाया. ह्यांनी आख्खं ड्रॉइंगच लोकांपुढं टाकलंय. ज्याला चूक दिसंल त्यानं बोट ठेवावं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं करायला छाती लागती."

मी किल्ल्या बनवल्या. उघडायच्या किल्लीसाठी एक गुप्त वाक्य ठरवावं लागतं. ते मी तुम्हालाही सांगणार नाही. लावायची किल्ली क्लासमधून तुमच्या आईला पाठवली आणि वाट बघत राहिले.

ती मेल आली तेव्हा मी नेमकी इंदापूरला भावाकडे गेले होते. परत आले तर वहिनींचा मुलगा कागदाची गुंडाळी घेऊन दारात. चेहरा उतरलेला.

"मॅडम, ताईची मेल बिघडून आलीय. आख्खा कचरा हाय. मी दोनदा छापून बघितली."

कागदावर ओळीच्या ओळी अक्षरं होती, मोठी, छोटी, मध्येच आकडे, मध्येच अधिकची खूण. कुठलाच शब्द नाही. कुलूप लागलेलं होतं, हे मला कळलं. मी म्हटलं, बिघडलेली नाही, तशीच असते, मला ती फ्लॉपीवर दे.

तो म्हणाला, "ती तर पुसली की. छापली आन् पुसली."

त्याची यात काय चूक? तो नेहमी तेच करायचा, आणि मी त्याला आधी काही बजावलं नव्हतं. तुमच्या आईने कळवलेलं जे काही होतं ते आता फक्त त्या कागदावर होतं, अंधूक रिबिनीने छापलेलं, आणि कागद माझ्या संगणकात घालता येत नव्हता.

तिलाच पुन्हा पाठवायला सांगावं, असं आजोबा म्हणाले. ते मला जमेना. इतक्या महिन्यांनी तिनं काहीतरी लिहिलं होतं. ते पोचलं पण वाचता आलं नाही, क्लासात पुसलं गेलं, असं कळवलं की ती म्हणणार, राहू दे. ती तसं म्हणेल याची मला खात्री होती. माझीच मुलगी ती.

म्हणून आम्ही तो कागद परत टाइप करायला बसलो. सकाळी वीज असायची तेव्हा. आजोबा वाचायचे, मी बोटं चालवायची. "मोठा जी. छोटा क्यू. सात. अधिक. मोठा डब्ल्यू, परत मोठा डब्ल्यू." कॉलेजात मी मुलांना डिक्टेशन द्यायचे, आता मला मिळत होतं. वीज गेली की जेवढं झालं तेवढं जपलं गेलं का, या काळजीत बसायचं. वहिनी एकदा खिडकीतून ऐकून म्हणाल्या, "तात्या, हे कसलं पाठांतर चाललंय?" आजोबा म्हणाले, "म्हातारपणी एबीसीडी शिकतोय, बाईंनी छडी घेतलीय हातात."

पूर्ण झाल्यावर मी गुप्त वाक्य घातलं. प्रोग्रामने सांगितलं, मजकुरात चूक आहे. कुठं आहे ते सांगितलं नाही. आम्ही कागदाशी पुन्हा पडताळलं. पुन्हा तेच.

तेव्हा मी त्या नाव नसलेल्या लोकांच्या पत्त्यावर मेल लिहिली. अगदी रीतसर इंग्रजीत. मी अमुक वयाची बाई, मुलीचं पत्र असं असं झालंय, चूक कुठं आहे ते तुम्ही तुमच्याकडून उघडून बघू शकाल का. आपण कोण, हेही कळावं, म्हणजे आभार मानता येतील. हे सगळं क्लासमधूनच गेलं, म्हणजे वहिनींच्या मुलाने वाचलंच असणार. वाचू दे म्हटलं.

उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. ते दुसऱ्याच दिवशी आलं. सुरुवातीलाच लिहिलं होतं: "आम्ही ते उघडू शकत नाही. आम्हाला उघडता आलं असतं, तर ते कुणालाही उघडता आलं असतं." त्याखाली कामाच्या सूचना. शेवटची सोडून प्रत्येक ओळीत चौसष्ट अक्षरं हवीत, मोजून बघा. मग शून्य आणि ओ, एक आणि एल, यांत गल्लत झाली असेल ती शोधा. छापील कागदावर तीच होते. घाई करू नका, चुकीच्या प्रयत्नाने पत्र खराब होत नाही. पत्रात काय आहे ते त्यांनी विचारलं नव्हतं. मी विचारलेल्या नावाबद्दल एक शब्दही नव्हता. खाली सही नव्हती.

मी तो कागद घेऊन तशीच उभी राहिले. कुठल्या देशातला माणूस, दिवस की रात्र असेल त्याच्याकडे, पुरुष की बाई हेही माहीत नाही. बारामतीतल्या एका बाईचं पत्र उघडेना म्हणून त्याने आपलं काम बाजूला सारून लिहिलं, घाई करू नका. आणि उघडून देता येत नाही, असं सांगताना माफी मागितली नव्हती. मागायचं कारणच नव्हतं. त्याने स्वतःलासुद्धा बाहेर ठेवलं होतं. माझ्या आयुष्यात मी मोठी माणसं पाहिली आहेत, काहींची भाषणं ऐकली आहेत. इतकं मोठं काही पाहिल्याचं मला आठवत नाही.

मोजल्यावर एका ओळीत एक अक्षर कमी निघालं. भाजीवाली दारात आली तेव्हा ते निसटलं असणार. ते घातलं तरी उघडेना. मग आजोबांनी कारखान्यातलं भिंग काढलं. कागदाच्या वरच्या कोपऱ्यात छापल्याची तारीख होती. तिथलं शून्य शून्यच असणार, असं ते म्हणाले, आणि त्याचा आकार पाहून घेतला. मग त्या मापाने एकेक गोल तपासत गेले. अरुंद असेल ते शून्य, म्हणून त्यावर पेन्सिलीने तिरपी रेघ, ड्रॉइंगवर मारतात तशी. मी पडद्यावर बदलत गेले. मध्ये चहा झाला. बाहेर वाळवण काढायची वेळ झाली होती.

या खेपेला गुप्त वाक्य घातल्यावर पडदा क्षणभर कोरा राहिला. मग इंग्रजी अक्षरांतलं मराठी आलं, तुमच्या आईचं, तिच्या नेहमीच्या चुकांसकट.

"आई, पाचवा महिना लागलाय. आधी सांगितलं नाही, राग धरू नकोस. कुणाला सांगू नकोस, बाबांना सांग. काल डॉक्टरांनी दाखवलं. दोघं आहेत."

आजोबा माझ्या खांद्यावरून वाचत होते. त्यांनी भिंग टेबलावर ठेवलं आणि म्हणाले, "दोघं?" मी म्हटलं, दोघं. मग ते उठून मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत राहिले.

त्याच दिवशी मी उत्तर लिहिलं, फ्लॉपीवर आलेल्या तिच्या किल्लीने कुलूप लावलं आणि फ्लॉपी क्लासात नेऊन दिली. तिच्या पुढच्या मेल छापायच्या नाहीत, पुसायच्या नाहीत, थेट फ्लॉपीवर द्यायच्या, हे वहिनींच्या मुलाला नीट समजावलं. त्याने विचारलं, "काय लिहिता मॅडम एवढं?" मी म्हटलं, हवामान. तो हसला, आणि त्यानंतर त्याने कधी विचारलं नाही.

पुढचे महिने ती मला सगळं लिहायची. सूज, भीती, झोप न येणं, तुमच्यातला एक जास्त लाथा मारतो ते. मी तिला लिहायचे. सगळं त्या क्लासमधून, त्याच्या हातून, पुण्याच्या तारेवरून जायचं आणि कुणालाही दिसायचं नाही. विहारात बायका विचारायच्या, लेकीचं काय, परत काही? मी म्हणायचे, बरी आहे. कधी कधी भर घोळक्यात मला वाटे, त्या कुलपाच्या आत आत्ता मी आहे, ती आहे आणि तुम्ही आहात, आणि ज्यांनी ते घडवलं त्यांना आपल्यातलं कुणीच माहीत नाही.

तुम्ही झालात त्या सकाळी फोन आला. सगळे सुखरूप. मी आधी वहिनींकडे गेले. त्या भांडी लावत होत्या. ऐकल्यावर हातातलं ताट तसंच राहिलं.

"जुळी? आन् एवढं दिस आमाला न्हाय सांगितलं, बाई?"

मग त्याच ताट जागेवर लावत म्हणाल्या, "बरं केलं. मागल्या खेपेला आमी लई बोललो. पोरगी फोनवर गप झाली, तवाच कळलं मला."

एवढ्यात आजोबाही आले. वहिनींनी मला विचारलं की मग एवढे दिवस कळत कसं होतं, पोरगा तर म्हणायचा, कचरा येतोय. मी त्यांना दोन किल्ल्यांचं जमेल तसं सांगितलं. त्यांनी लक्ष देऊन ऐकलं.

"कुणी केलं हे?"

"माहीत नाही."

"नाव तरी असंल की."

"नाव सांगितलं नाही त्यांनी. मी विचारलं होतं."

वहिनींनी हात जोडून कपाळाला लावले. "मग द्येवानंच म्हणायचं."

देवाबद्दल आमच्या घरात काय मत आहे, हे वहिनींना इतक्या वर्षांच्या शेजाराने पक्कं माहीत होतं. आजोबा एरवी अशा वेळी नुसते हसून सोडून देत. त्या दिवशी ते हसले नाहीत.

"न्हाय वहिनी," ते म्हणाले. "माणसांनीच."

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिलं, मान हलवली आणि गल्लीला सांगायला बाहेर पडल्या.